सतरंजी, सुरी आणि रिकामी पिशवी

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. दोन्ही गावं कृष्णेच्या वाटेवरची. महाबळेश्वराहून निघून वाईवरून आलेल्या कृष्णेला साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा भेटते, कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा आणि सांगलीच्या शेजारी हरिपूरला वारणा. लग्न ठरलं तेव्हा आजी म्हणाली होती, "घरची आठवण आली की तिथल्या घाटावर जाऊन बस. आपलंच पाणी तिकडं येतंय."

आठवण पाण्यावर भागेना, म्हणून २००६ च्या थंडीत दोन्ही घरांची मिळून सहल काढली. जागा कऱ्हाडचा प्रीतिसंगम, कारण ती मध्ये पडते. साताऱ्याहून पन्नासेक किलोमीटर, सांगलीहून सत्तरेक. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात आणि एकत्र पूर्वेकडे वळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे. आम्ही अठरा माणसं होतो. सगळे आनंदात होते. मला मात्र त्या दिवसाचं एकच चित्र लख्ख दिसतं: माझी आई नदीकडे पाठ करून उभी आहे आणि वाढते आहे. साडेबारापासून तीनपर्यंत. आधी पुरुषांना, मग मुलांना, मग आम्हाला. ती स्वतः बसली तेव्हा भाकरीच्या डब्यात तुकडे उरले होते आणि मुलं "आता निघू या" म्हणत होती. परतताना सासूबाई गाडीत म्हणाल्या, "विहीणबाईंनी संगम काही बघितला नाही."

त्या रात्री मी एका शंभरपानी वहीत पहिली नोंद केली. आता त्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलं आहे. तीत दरवर्षी भर पडत गेली, काही नोंदी खोडल्या गेल्या. जे टिकलं ते इथे देते.

१. जागा आजीच्या गुडघ्यांना विचारून ठरवावी

जागेचा विषय निघाला की तरुण मुलं आधी बोलतात. कुणी वासोटा म्हणतं, कुणी अजिंक्यतारा. वासोट्याला बामणोलीहून बोटीने पलीकडे जायचं आणि पुढे दाट रानातून चढायचं. तिथे मित्रांबरोबर जरूर जावं. घरच्या सहलीत मात्र सगळ्यात कमी चालू शकणारं माणूस हेच माप.

एका वर्षी आम्ही सज्जनगडाला गेलो. "गाडी वरपर्यंत जाते" एवढंच ऐकलं होतं. गाडी बरीच वर जाते हे खरं, पण पुढे पायऱ्या आहेतच. सासूबाईंनी दहाबारा पायऱ्या चढून पाहिल्या, मग कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मी इथं बरी आहे." आम्ही गेलो. समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतलं, दरी पाहिली, वारा खाल्ला. दोन तासांनी उतरलो तर त्या त्याच कट्ट्यावर, पदर डोक्यावर घेऊन उन्हात. "मी इथं बरी आहे" हे वाक्य मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं आहे. ते कानावर पडलं की समजावं, जागा चुकली.

तेव्हापासून दोघांपैकी एका घरातलं कुणीतरी आठवडाभर आधी जागा पाहून येतं. तीन गोष्टी पाहायच्या. गाडी थांबते तिथून बसायच्या जागेपर्यंत पावलं किती, पायऱ्या किती आणि दुपारी एक वाजता सावली कुठे असते. सकाळी नऊची सावली पाहून जागा धरू नये. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून सावली झाडाच्या उत्तरेला पडते आणि दुपार सरेल तशी पूर्वेकडे सरकते. सतरंजी झाडाच्या ईशान्येला अंथरली तर चार वाजेपर्यंत उठावं लागत नाही. हे मला माझ्या दादाने शिकवलं. तो शेतात नांगर सोडून जेवायला बसणारा माणूस, त्याला सावलीचं गणित पाठ आहे.

दोन घडीच्या खुर्च्या प्रत्येक वेळी नेतो. जमिनीवर बसता येतं पण उठता येत नाही, अशा वयाची माणसं ते बोलून दाखवत नाहीत.

२. महिना बघून दिशा धरावी

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणदेशात जेमतेम पाचशेच्या आसपास. सांगलीतही तसंच: पश्चिमेला शिराळा-चांदोली ओलेचिंब, पूर्वेला आटपाडी-जत कोरडे. तासा-दोन तासांच्या प्रवासात ऋतू बदलतो. हे आपल्याला मिळालेलं मोठं धन आहे आणि आपण ते वापरत नाही. जुलै-ऑगस्टात सगळा महाराष्ट्र घाटाकडे धावतो, धुक्यात गाड्यांच्या रांगा लागतात. आम्ही त्या दिवसांत उलटे पूर्वेला जातो. मिरजेच्या पुढचा दंडोबाचा डोंगर श्रावण-भाद्रपदात हिरवा असतो, पाऊस येतो तो भुरभुर, आणि डोंगराच्या पोटात कोरलेलं देऊळ आहे, सर आली तर आडोशाला.

उन्हाळ्यात दिवसाची सहल काढूच नये, असं माझं ठाम मत आहे. जानेवारीत कोवळ्या शाळूचा हुरडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावची द्राक्षं. पण सहलीचा खरा महिना कार्तिक. जुन्या बायका तेव्हाच आवळीभोजनाला जात. आवळ्याच्या झाडाखाली चूल मांडायची, पूजा करायची, तिथेच पंगत बसवायची. पाऊस संपलेला, रान अजून हिरवं, ऊन सोसण्याजोगं, शेतातली सुगीची धांदल जरा उसंत देणारी. घरात कोंडलेल्या बायकांना वर्षातून एक दिवस झाडाखाली जेवता यावं म्हणून हा कुळाचार कुणीतरी फार विचारपूर्वक बसवला असावा, असं मला नेहमी वाटतं.

३. पाहायची जागा वेगळी, जेवायची वेगळी

हे आम्हाला कासला कळलं. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाचा भाग आहे. साताऱ्याहून साधारण पंचवीस किलोमीटर. पहिल्यांदा गेलो तेव्हा कडेच्या मोकळ्या जागेवर आम्ही सतरंजी अंथरायला घेतली. राखण करणारा गावचाच एक मुलगा धावत आला. रागावला नाही. खाली बसला, सतरंजीची कड उचलली आणि बोट लावून दाखवलं. आम्हाला जे गवत वाटत होतं त्यात निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचा थर होता. सीतेची आसवं. त्याने सांगितलं, खाली सगळा जांभा दगड आहे, वर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती. तेवढ्यात ही फुलं जगतात. माती इतकी निकस की काही झाडं किडे पकडून पोट भरतात, ही सीतेची आसवंसुद्धा त्यांतलीच. एकदा पाऊल दाबून पडलं की पुढच्या वर्षी तिथे काही उगवेलच असं नाही.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. नंतर दिवसभर तो दगड पाहून पाय टाकत होता.

तेव्हापासून पठारावर आम्ही खात नाही. फुलं पाहायची, पाणी प्यायचं, परतायचं. जेवण खाली उतरून एका ओळखीच्यांच्या अंगणात. फुलांच्या दिवसांत प्रवेशावर मर्यादा असते, नोंदणी आधी करावी आणि शनिवार-रविवार टाळावा. सप्टेंबरमधला एखादा मंगळवार शाळेची रजा काढून धरला तर मुलांचं काही बुडत नाही. तेरडा, सोनकी, गेंद यांची नावं शिकून येतात. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, ती आमच्या घरातल्या मुलांनी बालपणात एकदा पाहिली आहे.

लिंबची बारामोटेची विहीरही अशीच पाहायची जागा. अठराव्या शतकातली, एकावेळी बारा मोटा चालतील अशी, आणि विहिरीच्या पोटातच बसायला दालन. बघताना भान हरपतं. म्हणूनच तिच्या काठावर डबे उघडू नयेत. मुलं जेवताना पळतात.

४. बायकांनी पाणी प्यायला हवं

हा मुद्दा घरात बोलला जात नाही. तो वहीत यायलासुद्धा चार वर्षं लागली.

सहलीच्या दिवशी आमच्या घरातल्या बायका सकाळचा चहा अर्धा कप घेत आणि दिवसभर पाणी टाळत. का, ते प्रत्येकीला माहीत होतं. वाटेत जाण्यासारखी जागा नसते, गाडी थांबवायला सांगायची लाज वाटते. संध्याकाळी एकीचं डोकं दुखायचं, दुसरीला लघवीची जळजळ. नणंदेला एकदा सहलीनंतर मूत्रमार्गाच्या संसर्गाने ताप भरला आणि डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात किती पाणी प्यायलात?" ती गप्प.

आता जागा ठरण्याआधी हे ठरतं. वाटेवर कुठे स्वच्छ सोय आहे, किती वाजता थांबायचं, जेवायच्या जागेपासून सगळ्यात जवळचं स्वच्छतागृह कुठे. गाडी चालवणाऱ्याच्या हातात वेळांची चिठ्ठी असते. दर दीड तासाला गाडी थांबते, कुणी मागो न मागो. मागावं लागत नाही हेच त्यातलं महत्त्वाचं. एका छोट्या पिशवीत साबण, एक तांब्या, टॉर्च, सॅनिटरी पॅड, जुनं वर्तमानपत्र आणि एक जुनी साडी असते. चार काठ्या किंवा दोन झाडं मिळाली की साडीचा आडोसा होतो. ही पिशवी कुठे आहे ते प्रत्येक मुलीला माहीत असतं, कुणाला विचारावं लागू नये म्हणून.

पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर. हात धुवायला वेगळं. अठरा जणांना वीस-वीस लिटरचे दोन जार आणि वरकामाला एक कॅन, हा आमचा आकडा आहे आणि तो कधी जास्त झालेला नाही.

५. दोन चुली, दोन याद्या

दुसऱ्या वर्षी तिघींनी बटाट्याची भाजी आणली आणि मीठ कुणीच आणलं नाही. तेव्हापासून यादीत पदार्थापुढे नाव असतं. एका नावापुढे दोनपेक्षा जास्त पदार्थ लिहायचे नाहीत. पुरुषांची नावंही असतात. काकडी-टोमॅटो धुऊन आणणं, पाणी भरणं, चहा करणं ही कामं यादीत दादाच्या, भाऊजींच्या आणि माझ्या नवऱ्याच्या नावावर आहेत.

साताऱ्याच्या चुलीवरून येतात दशम्या, खर्डा आणि कंदी पेढे. सांगलीच्या चुलीवरून भरीत, दही, भडंग आणि हंगाम असेल तर द्राक्षं.

दशमीला मी सहलीची राणी मानते. पाण्याऐवजी दुधात भिजवलेलं पीठ, तूप लावून भाजलेली. मऊ राहते, दोन दिवस टिकते. पूर्वी वाटेच्या शिदोरीला दशम्याच असत, त्या दुधातल्या म्हणून प्रवासात सोवळ्यालाही चालत. आई त्यात थोडा गूळ घालते, मुलं नुसत्या खातात. भाकरी किंवा दशमी गरम असताना डब्यात भरली की वाफेचं पाणी होऊन तळच्या चार लगदा होतात. फडक्यावर पसरून पूर्ण निवू द्यायची, मग कापडात गुंडाळून डब्यात. पहाटे घाई असते म्हणून हे चुकतं. म्हणून दशम्या आदल्या रात्री, भाकऱ्या पहाटे.

खर्डा कोरडा हवा. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे तेलावर परतून तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचे, पाण्याचा थेंब नाही. ओली चटणी मी बंद केली. एका मार्चमध्ये इडली आणि ओल्या नारळाची चटणी नेली होती. साडेदहापर्यंत ठीक होती, एक वाजता झाकण उघडलं तर आंबूस वास. वहिनीने पहाटे चारला उठून केलेली ती चटणी सगळी टाकावी लागली. तिचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

भातही नेत नाही. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. भाताशिवाय ज्यांचं जेवण पुरं होत नाही त्यांच्यासाठी दहीपोहे. पातळ पोहे, रात्री मातीच्या भांड्यात विरजलेलं दही आणि कढल्यात करून नेलेली मोहरी-मिरचीची फोडणी. तीन गोष्टी वेगळ्या न्यायच्या, जागेवर कालवायच्या. पाच मिनिटांत होतात, आणि दही त्याच भांड्यातून नेल्यामुळे पाणी सुटत नाही.

भरिताला कृष्णाकाठची वांगी. घरी भाजून, सोलून, ठेचून, फोडणी देऊन न्यायची. कांदा मात्र तिथे चिरायचा. भडंगाचंही तेच. लसूण-मसाल्याचं भडंग घट्ट डब्यात, कांदा-लिंबू-कोथिंबीर खाताना. नदीकाठच्या दमट हवेत उघडं राहिलेलं भडंग पंधरा मिनिटांत मऊ पडतं.

अठरा जणांचा आमचा हिशेब असा: दशम्या पन्नास, भाकऱ्या पंधरा, वांगी अडीच किलो, दही तीन किलो, काकडी दोन किलो, लिंबं पंधरा, भडंग दीड किलो, पेढे एक किलो. यात डबे घासूनपुसून रिकामे होतात आणि कुणी अर्धपोटी राहत नाही. "उरलं तर उरलं" म्हणून वाढवत गेलं की ते करणाऱ्या बाईची पहाट वाढते, एवढं लक्षात ठेवावं.

६. पिशव्या वेळेप्रमाणे भराव्यात

पूर्वी प्रत्येक घराची एक पिशवी असे. मग कप एका गाडीत, चहापत्ती दुसऱ्या गाडीत. आता पिशव्या तीन: वाटेची, जेवणाची, चार वाजताची.

वाटेच्या पिशवीत पाणी, केळी, औषधं, रिकाम्या कागदी पिशव्या आणि आलेपाक. यवतेश्वरचा घाट असो की पसरणीचा, आमच्याकडच्या दोन मुलांना मळमळतं. त्यांना पुढे बसवायचं, काच उघडी ठेवायची, मोबाइल पाहू द्यायचा नाही, घाटाआधी तासभर भरपेट काही द्यायचं नाही आणि आलेपाकाचा तुकडा चघळायला द्यायचा. गाडी संथ चालवली तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

जेवणाच्या पिशवीत जे आधी लागतं ते शेवटी भरायचं. सतरंजी सगळ्यांच्या वर. एकदा ती तळाशी होती आणि सगळे डबे रस्त्याकडेच्या धुळीत मांडून ती काढावी लागली. डब्यांच्या झाकणांवर चिकटपट्टी लावून नाव लिहायचं, म्हणजे दही शोधायला सगळी झाकणं उघडत नाहीत. आणि विसरल्या जाणाऱ्या वस्तूंचा एक कायमचा डबा आमच्याकडे आहे, वर्षभर भरलेला असतो: धारेची सुरी, लहान पाट, मिठाची डबी, दोन मोठे डाव, आगपेटी, गाळणं, पकड, फडकी, सुतळी, सेफ्टी पिना. सुरी नसेल तर पंधरा लिंबं नेऊन उपयोग नाही.

एसटीने जात असाल तर यातलं निम्मं ओझं कमी करा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. आजीचं आधार कार्ड वाटेच्या पिशवीतच ठेवावं.

७. जेवण साडेबाराला, जागा मिळो न मिळो

माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता. एका वर्षी चांगल्या सावलीच्या शोधात आम्ही गाडी पुढे पुढे नेत राहिलो. "आणखी थोडं, त्या वळणानंतर नक्की असेल." दोन वाजले. ते बोलेनासे झाले. कपाळावर घाम, हात थरथरत होते, नाव विचारलं तर भलतंच काही सांगितलं. गोळी सकाळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं. नणंदेने तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. ते शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते म्हणून हे करता आलं. पंधरा मिनिटांनी चेहरा निवळला, मग लगेच दशमी खायला दिली. त्या दिवशी सतरंजी एका उसाच्या फडाच्या बांधावर अंथरली गेली आणि जेवण तिथेच झालं.

साखरेची डबी आता वाटेच्या पिशवीत वरच असते. साडेबाराला गाडी जिथे असेल तिथे जेवण. सुंदर जागेसाठी म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला उपाशी ठेवू नये.

८. पाण्यावर राखणदार नेमावा

आम्ही नदीकाठची माणसं. २००५, २०१९, २०२१ चे पूर पाहिलेली. तरी सहलीत नदी पाहिली की मोठ्यांचं भान सुटतं. संगमावरचं पाणी वरून शांत दिसतं, दोन प्रवाह मिळतात तिथे आत ओढ असते. वर कोयना धरणातून पाणी सोडलं की खाली पातळी चढते, आणि काठावर बसलेल्याला ते कळेपर्यंत पायरी बुडालेली असते.

आमचा नियम साधा आहे. तळ दिसणाऱ्या पायरीपर्यंतच पाय, तेही हिवाळ्यात. पोहणं नाही. आणि काठावर मुलं असतील तेवढा वेळ एक मोठं माणूस राखणदार. त्याच्या हातात फोन नाही, ताट नाही, पत्ते नाहीत. अर्ध्या तासाने दुसरा येऊन "मी आलो" म्हणतो, तेव्हाच पहिल्याने उठायचं. हा नियम झाला त्याला कारण घडलं. एका वर्षी पाच वर्षांची पुतणी दहा मिनिटं दिसली नाही. सात मोठी माणसं काठावर होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याचं लक्ष आहे. ती बागेत झोपाळ्यावर सापडली. वहिनी त्यानंतर पाऊण तास तिला मांडीवरून उतरवत नव्हती.

९. अंथरण्याआधी वर बघावं

झाडावर, कड्यावर, जुन्या देवळाच्या कमानीखाली आग्या मोहोळ असतं. धुराने, उग्र अत्तराने, दगडाने ते उठतं. मोहोळ दिसलं तर आवाज न करता जागा सोडायची, तिथे चूल पेटवायची नाही. उठलंच तर तोंड झाकून दूर पळायचं, हात झाडायचे नाहीत. दगडांच्या राशीत आणि वाळल्या पाचोळ्यात मुलांनी हात घालू नये. साप चावल्याची शंका जरी आली तरी बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

१०. ताटं घरची न्यावीत, पिशवी रिकामी न्यावी

सागरेश्वरच्या अभयारण्यात गेल्यावर हे मनात पक्कं बसलं. देवराष्ट्रेजवळचं हे रान मुळात माणसांनी उभं केलेलं. बोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी झाडं लावली, जगवली, मग तिथे हरणं-सांबरं आणली गेली, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. साधारण अकरा चौरस किलोमीटर. एखाद्याने आयुष्य घालून वाढवलेल्या रानात आपण वेफरचं पाकीट टाकून येतो, याचा मला मनापासून राग येतो.

२०१८ पासून राज्यात थर्माकोल-प्लास्टिकच्या ताटांवर बंदी आहे. त्यांच्या जागी आलेल्या चकचकीत कागदी ताटांवरही बऱ्याचदा प्लास्टिकचा पातळ थर असतो. आम्ही स्टीलची ताटं नेतो. जेवण झालं की कागदाने पुसून एका गोणीत, धुणं घरी. नदीत ताटं घासायची नाहीत. ते तेल, ती राख खालच्या गावाच्या पाण्यात जाते, आणि आमच्या बाबतीत खालचं गाव म्हणजे माझंच सासर.

पानांच्या पत्रावळी न्यायला हरकत नाही, पण त्याही परत आणायच्या. "कुजून जाईल" हे खरं असलं तरी कुजायच्या आधी तिथे कुत्री, माकडं येतात. महाबळेश्वरात माकडं माणसाच्या हातातली पिशवी ओढतात, ती सवय आपण लावली आहे. संत्र्याची साल, शेंगांची टरफलं, चहाचा चोथा, सगळं रिकाम्या पिशवीत. शेवटची दहा मिनिटं मुलं ओळीने उभी राहून जागा चालत जातात आणि दुसऱ्यांनी टाकलेल्या दहा वस्तूही उचलतात.

११. सहल चार किलोमीटरवरही होते

ज्या वर्षी सासरे गेले त्या वर्षी मोठी सहल झाली नाही. सासूबाई घराबाहेर पडत नव्हत्या. एका संध्याकाळी मी भडंगाचा डबा, दोन कांदे, सुरी आणि सतरंजी घेतली आणि त्यांना रिक्षात बसवून हरिपूरला नेलं. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. सांगलीहून चार किलोमीटरदेखील नाही. संगमेश्वराचं दर्शन घेतलं, कृष्णा-वारणेच्या संगमावर बसलो. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कांदा जरा बारीक चिर." तासाभराने परतलो. त्या वर्षाची सहल म्हणून वहीत तीच नोंद आहे.

१२. जिने पहाट घातली तिचं ताट आधी

पहिल्या सहलीनंतर लिहिलेली पहिली नोंद हीच होती. ती अमलात आणायला मात्र सगळ्यांत जास्त वर्षं लागली, कारण आई ऐकायची नाही. "तुम्ही बसा, मी वाढते" हे तिच्या अंगात मुरलेलं. मग दादाने युक्ती केली. सतरंजीच्या मधोमध डबे उघडे ठेवायचे, प्रत्येकाने आपापलं घ्यायचं आणि पहिलं ताट मुलांनी वाढून आईला आणि सासूबाईंना द्यायचं. दोघींच्या खुर्च्या नदीकडे तोंड करून. उठायला लागल्या की नातवंडं म्हणतात, "आजी, यादीत तुझं नाव नाही."

आता सासूबाई नाहीत. त्यांच्या अक्षरातली एक नोंद वहीत आहे, "डाव एक जास्त घ्यावा, दह्याचा भरिताला लावू नये." आईचा उजवा गुडघा यंदा बदलला, त्यामुळे पायऱ्यांच्या सगळ्या जागा बाद. कार्तिकात आवळ्याखाली बसायचं ठरतं आहे. कडेगावकडे एका नातलगांच्या बांधावर मोठं झाड आहे म्हणतात, गाडी अगदी जवळ जाते. दादा येत्या रविवारी दुपारी एकच्या सुमारास सावली पाहायला जाणार आहे. दशम्यांपुढे या वेळी वहिनीच्या जोडीला माझ्या मुलाचं नाव लिहिलं आहे. पीठ दुधात भिजवायचं, पाण्यात नाही, एवढं त्याला सांगून झालं आहे.